उजाडल्यावर ये

शके सतराशे सेहेचाळीस. तारण नाम संवत्सर. पौष महिना, हाडं फोडणारी थंडी, संक्रांत तोंडावर आलेली. साल नीट ध्यानात ठेवा. कारण त्या साली एकदा काय झालं, उजाडलंच नाही.

हसू नका. पांघरूण ओढा. पाय पोटाशी घ्या. मी सांगतो ते ऐका आणि हुंकार देत जा. हुंकार थांबला की गोष्ट थांबली.

एक होतं गाव. नाव झाकोळी. दोन डोंगरांच्या बेचक्यात बसलेलं. उगवतीचा डोंगर इतका उंच, की सूर्य त्याला ओलांडून गावात यायचा तोवर रानात गेलेल्या गुरांचं अर्धं पोट भरलेलं असायचं. उजेड वेळेवर यायचा. ऊन यायचं नाही. थंडीच्या दिवसांत म्हाताऱ्या अंगणात गुडघ्यांना मिठी मारून बसायच्या, डोंगराच्या कडेकडं बघायच्या आणि सूर्याला हाका मारायच्या, "ये की रे बाबा. किती वाट बघायची?" तो काही ऐकायचा नाही.

अशा गावात विस्तवाला फार मान. त्या काळी काड्यापेटी नव्हती, बरं का. रात्री जेवणं झाली की चुलीतले निखारे राखेत पुरायचे. सकाळी राख उकरायची, फुंकणी लावायची, जाळ करायचा. एखाद्याचा निखारा रात्रीत विझला, तर त्यानं गोवरी हातात घ्यायची आणि शेजाऱ्याच्या दारात जायचं. "विस्तव द्या हो." शेजाऱ्यानं गोवरीच्या टोकावर निखारा ठेवायचा. झालं.

पण त्याला दोन कायदे होते.

पहिला कायदा. उजाडायच्या आत घरातला विस्तव उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचा नाही. त्याच्याबरोबर घरची लक्ष्मी निघून जाते. कुणी अंधारात मागायला आलं, तर आतून एकच उत्तर, "उजाडल्यावर ये."

दुसरा कायदा. विस्तव उसना असतो. ज्याच्या घरचा नेला, त्याची चूल ज्या दिवशी गार पडेल त्या दिवशी आपण नेऊन द्यायचा. त्यानं मागायच्या आत. त्याला मागावा लागला तर ती परतफेड नव्हे. झाकोळीची माणसं गरीब होती, पण दिलेलं परत मागणारी नव्हती. घेतलेलं विसरणारी पण नव्हती.

त्या गावात ठकू नावाची एक भडभुंजीण राहायची. भडभुंजीण म्हणजे लाह्या, फुटाणे भाजणारी बाई. गावाच्या उगवतीच्या टोकाला शेवटचं घर तिचं. घरापुढं भट्टी. भट्टीवर ही एवढी कढई. कढईत वाळू. वाळू तापली की ओंजळभर ज्वारी टाकायची. मग तडतड, तडतड, आणि कढईत मोगरा फुलायचा. नवरा लवकर गेलेला. चटके बसून बसून तिच्या हाताचं कातडं वहाणेसारखं झालेलं. जीभ त्याहून कडक. पोरं लाह्या मागायला आली की आधी ओरडायची, "मेल्यांनो, तुमच्या आयांनी जेवायला घातलं नाही?" मग ओंजळ भरायची. ओरडल्याशिवाय दिलं असं कधी झालं नाही. आणि ओरडून दिलं नाही, असंही कधी झालं नाही.

भट्टी तिच्या आजेसासूनं पेटवलेली. ती सासूनं सांभाळली, मग ठकूनं. मधे एकदाही विझली नाही. याचा ठकूला फार ताठा. म्हणायची, "राजांची राज्यं विझली. माझी भट्टी विझली नाही." साऱ्या गावानं कधी ना कधी तिच्या भट्टीतून विस्तव नेलेला. ती कधी कुणाच्या दारात गेली नव्हती. आणि पहिला कायदा तिच्याइतका कडक कुणीच पाळत नव्हतं. अंधारात कुणी आलं तर दारसुद्धा उघडायची नाही.

तिला एकच लेक. नाव आवडा. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरलेले.

तर त्या दिवशी काय झालं, दुपार कलली आणि आभाळ काळं झालं. पौषात गारपीट. लिंबाएवढ्या गारा. भट्टीवरचं छप्पर फाटलं आणि गारांचा लोंढा सरळ भट्टीत. असा चर्र आवाज झाला, की घरातली बाज हादरली. ठकू धावली. उघडाच हात भट्टीत घातला. सापडले तेवढे निखारे शेगडीत भरले आणि शेगडी आवडाच्या बाजेखाली नेऊन सरकवली. भट्टी विझली ती विझलीच. गोवऱ्या भिजल्या. लाकडं भिजली. घरात कोरडं राहिलं ते एक डबाभर तूस, म्हणजे धान्याची टरफलं.

ठकू भट्टीपाशी उभी राहिली. रडली नाही. भट्टीला म्हणाली, "उद्या बघते तुला." आणि आत गेली.

कारण आत आवडाला कळा सुरू झाल्या होत्या.

सुईण आली. कोंडाबाई तिचं नाव. अंगानं वाळकी काडी, आवाज ढोलासारखा. तिनं आवडाच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "ठके, तुझ्या घरातली बाळं पहाटेची. तुझा जन्म पहाटेचा, हिचा पहाटेचा. तू याच गावची लेक, याच गावची सून. दोघींना मीच हातात घेतलंय. तांबडं फुटलं की ही मोकळी होईल. तोवर शेगडी विझू देऊ नको."

मग रात्र झाली. शेगडीतले निखारे एकेक करून राख होत गेले. शेवटी एकच राहिला. आवळ्याएवढा. ठकूनं तो राखेत नीट पुरला आणि त्याच्यावर डोळा ठेवून बसली.

हुंकार द्या.

मग कोंबडा आरवला. ठकूला हायसं वाटलं. आवडाला म्हणाली, "आता उजाडतंय बघ." थंडीत आवाज लांबवर जातो. ठकूला ऐकू आलं, वर पाटलाच्या दारावर कुणीतरी काठी वाजवत होतं.

"विस्तव द्या हो."

"कोण ते?" पाटील आतून गुरगुरला.

"वाटसरू आहे बाबा. माझा निखारा विझला."

"उजाडल्यावर ये."

"मला विस्तव मिळाला नाही तर उजाडायचं कसं?"

पाटील खदखदून हसला. "असं होय? तू उजाडवतेस? बरं झालं सांगितलंस. पाऊस मी पाडतो. जा आता."

ठकूनं मान हलवली. बरोबर बोलला पाटील, असं तिला वाटलं. कायदा म्हणजे कायदा.

पण उजाडलं नाही. आवडा कण्हत राहिली. कोंबडा पुन्हा आरवला. मग देवळाच्या दारावर काठी वाजली. देवळात गुरव झोपलेला.

"बाबा रे, देवापुढं समई जळतेय. तिच्यावर एक वात पेटवून दे."

"काकड्याला ये, म्हातारे."

"काकडा कधी आहे?"

"उजाडताना."

"आणि उजाडणार कधी?"

"काकडा झाला की." गुरवानं कूस बदलली आणि घोरायला लागला.

याही वेळेला ठकूनं मान हलवली, पण अर्धीच.

उजाडलं नाही. कोंबडा तिसऱ्यांदा आरवला. घसा बसलेला. मग आपलंच काहीतरी चुकलं असं वाटून तो गप्प झाला. ठकूनं दाराच्या फटीतून बाहेर बघितलं. शुक्राची चांदणी डोंगराच्या कडेवर होती. मघाशी होती तिथंच. खिळा ठोकल्यासारखी. एक पान हलत नव्हतं. कुत्रं नाही, पाखरू नाही. रात्र भिंतीसारखी उभी.

आणि तिच्या दारावर काठी वाजली.

ठकूनं आधी तोंड उघडलं, मग, कधी नव्हे ते, दार. "मेले, ही काय वेळ..." आणि ती थांबली.

दारात एक म्हातारी. साऱ्या अंगानं राखेच्या रंगाची. लुगडं राखेचं, केस राखेचे, ओठसुद्धा राखेचे. पाय दवानं भिजलेले. हातात एक गाडगं, मधोमध चिरलेलं, आत गारांचं पाणी.

"विस्तव दे बाई."

"उजाडल्यावर ये," ठकू म्हणाली. विचार करून नाही. जिभेला तीच सवय.

म्हातारीनं वाद घातला नाही. पायरीवर बसली. काठी शेजारी ठेवली. म्हणाली, "बरं. बसते. उजाडत नाही तोवर मला तरी दुसरं काय काम आहे?"

ठकू दार लावून आत आली. पण दार लावलं तरी म्हातारी डोळ्यांसमोरून जाईना. कोंडाबाई हळू आवाजात म्हणाली, "कळ येते आणि तिथंच अडते. पुढं सरकत नाही. असं मी कधी बघितलं नाही. रात्रच सरकत नाही म्हटल्यावर पोर तरी काय करेल?" आवडाच्या कपाळावर थंडीतही घाम. तिचे डोळे ओढलेले.

ठकूनं पुन्हा दार उघडलं.

"तू कोण गं?"

"रोज तुझ्या दारावरून जाते. तू सडा टाकत असतेस तेव्हा मी डोंगर चढत असते. तू कधी मान वर केली नाहीस. कशाला करशील? मी आपली रोज येतेच."

"रोज येतेस तर आज का अडलीस?"

"गारांनी गाडगं फुटलं. निखारा विझला. रिकाम्या हातानं वर जाऊन काय करू? गार हातानं आभाळ पेटत नाही."

ठकू म्हणाली, "माझ्याकडं एकच निखारा आहे. लेकीच्या बाजेखाली."

"ठाऊक आहे."

"तो दिला तर बाळ जन्मताच गारठेल."

"नाही दिला तर बाळ जन्मणार नाही." म्हातारी हे रागानं बोलली नाही. दूध नासलंय हे जसं सांगावं तसं सांगितलं.

तेवढ्यात आतून कोंडाबाईचा ढोल वाजला. "ठके! कुणाशी बोलतेस? अंधारात विस्तव उंबऱ्याबाहेर नेशील तर बघ! घर बुडेल!"

"बुडू दे," ठकू म्हणाली. "पण उजेडात बुडू दे. दिसेल तरी काय बुडालं ते."

पण बोलणं सोपं असतं, बरं का. ती शेगडीपाशी गेली, वाकली आणि तिथंच थिजली. आजेसासूपासूनचा विस्तव. त्यातला एवढाच उरलेला. तो दिला की घरात काही नाही. हात पुढं होईना.

मग आवडा बोलली. दात आवळून, तुटक तुटक. "आये. दे. मला उजाडायला पाहिजे."

एवढंच बोलली. ठकूचा हात सुटला.

आता तिचं एक गाडगं होतं. लहानसं, काळंकुट्ट, एका बाजूला कड फुटलेली. सासूपासूनचं. त्यानं ती लाह्या मापून द्यायची. ते तिनं घेतलं. तळाला राख घातली. राखेवर निखारा ठेवला. निखाऱ्यावर मूठभर तूस पसरलं. हे करता करता तोंड चालूच. "नुसता निखारा गाडग्यात टाकून फिरतेस? एवढं वय झालं तुझं. कुणी शिकवलं नाही? खाली राख लागते, वर तूस. मग गार पडो का वारा सुटो, विस्तव टिकतो. आणि वर पोचलीस की घाई करायची नाही. एकदम फुंकलंस तर राख डोळ्यात जाईल. पहिली फुंकर हळू, राख उडेल एवढीच. दुसरी जरा जोरात, तूस धुमसायला लागेल. तिसरी छाती भरून. कळलं?"

"कळलं बाई."

"माझं मापाचं गाडगं आहे. फोडू नको."

म्हातारीनं दोन्ही हात पुढं केले. ठकूनं गाडगं उंबऱ्यावरून पलीकडं दिलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं अंधारात विस्तव बाहेर दिला. म्हातारीनं गाडगं छातीशी धरलं आणि काय सांगू, तिच्या राखेच्या गालावर गुलाल चढल्यासारखा झाला.

"उसना नेते," ती म्हणाली. कधी आणून देईन ते बोलली नाही. झाकोळीत तसं बोलायची रीत नव्हती. घेणाऱ्यानं ध्यानात ठेवायचं, बस.

मग ती डोंगराला लागली. ठकू दारात उभी राहून बघत होती. अंधारात एक लाल ठिपका वर चढत होता. चढत होता. चांदणीपाशी पोचला.

मग म्हातारीनं पहिली फुंकर घातली. हळू. डोंगरावरून गार वाऱ्याची झुळूक आली आणि उगवतीला राखेचा रंग पसरला. तुम्हीही लवकर उठलात तर दिसेल. उठत नाही, ती गोष्ट वेगळी. पहाटे आधी एक गार झुळूक येते. ती तिची फुंकर. आणि आभाळ आधी राखेसारखं होतं, मग तुसासारखं पिवळट, मग निखाऱ्यासारखं लाल. ठकूनं शिकवलं त्याच क्रमानं. त्याच्याआधी कसं उजाडायचं ते मला ठाऊक नाही.

झुळूक दारातून आत आली. आवडानं एक मोठी किंकाळी फोडली. आणि बाळ आलं.

मुलगी. नाकीडोळी नीट. हात पाय नीट. पण रडेना.

कोंडाबाईनं तिला उलटं धरलं, पाठीवर थापट्या मारल्या, तळपाय चोळले. पोर गार. ओठ निळसर. कोंडाबाई ओरडली, "शेक पाहिजे! विस्तव आण!"

ठकूनं शेगडीत हात घातला. नुसती राख.

ठकू धावली. जी बाई जन्मात कुणाच्या दारात गेली नव्हती, ती पाटलाच्या दारात गेली. "पाटील, फटफटलंय. आता कायदा आड येत नाही. विस्तव द्या. नात गारठलीय."

पाटील चुलीपाशी उकिडवा बसलेला. राखेत बोटं घालून चाचपत होता. वर बघून म्हणाला, "ठकूबाई, रात्र लांबली. राखेत पुरलेले निखारे किती वेळ टिकणार? सगळी राख झाली." शेजारी पाटलीणबाई गोवरी हातात घेऊन उभी. म्हणाली, "मी तुमच्याकडंच यायला निघाले होते."

ठकू देवळाकडं पळाली. गुरव समईपुढं डोकं धरून बसलेला. तेल संपलेलं. वात काळी. "जन्मात असं झालं नाही गं," तो म्हणाला. "देव अंधारात बसलाय."

ज्यांनी ज्यांनी विस्तव जपून ठेवला होता, त्या सगळ्यांचा विझला होता. साऱ्या झाकोळीत एकच विस्तव उरला होता. तो डोंगराच्या माथ्यावर होता.

ठकू घरी आली. हात रिकामे. कोंडाबाईनं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि सगळं समजली. म्हणाली, "ठके, तिला हाक मार. अजून ऐकू जाईल. निखारा परत माग."

"दिलेला मागत नाहीत."

"मग नातीला गारठू दे. ताठा जप."

ठकूनं बाळ उचललं. चोळीच्या आत, उघड्या छातीशी धरलं. वरून पदर घेतला. केवढीशी ती पोर. बर्फाचा तुकडा छातीला लावल्यासारखं वाटलं. बाहेर उजेड होता, पण ऊन नव्हतं. झाकोळीत ऊन कुठलं इतक्या लवकर? ते यायला अजून किती तरी वेळ. तेवढा वेळ या पोरीकडं नव्हता. म्हातारीनं दुसरी फुंकर घातली होती. डोंगरामागं आभाळ पिवळं धुमसत होतं. दिसत होतं. पोचत नव्हतं.

बाजेवरून आवडानं विचारलं, "आये, ती रडत का नाही?"

ते ऐकलं आणि ठकूचा ताठा गेला. साऱ्या जन्माचा ताठा, आजेसासूपासूनचा. गेला. ती उंबऱ्यापाशी आली. डोंगराकडं तोंड केलं. छाती भरून घेतली. आता ती मागणार होती. गावानं नावं ठेवली तर ठेवू दे. नात जगली पाहिजे. हाक छातीतून निघाली, घशात आली, ओठांवर आली.

आणि डोंगराच्या माथ्यावर म्हातारीनं तिसरी फुंकर घातली. छाती भरून.

डोंगराची कड लोहाराच्या लोखंडासारखी लाल झाली. मग पिवळी. मग लोण्यासारखी खचली. खडक बाजूला सरले आणि मधे एक खिंड पडली. काल नव्हती. आज पडली. त्या खिंडीतून उन्हाचा एक पट्टा निघाला तो कुठंही न थांबता खाली आला. बांध ओलांडून, भट्टीवरून, अंगणातून, सरळ ठकूच्या उंबऱ्यावर. तिथून तिच्या पायावर. पायावरून पदरावर.

ठकूनं पदर बाजूला केला.

ऊन पोरीच्या तोंडावर पडलं. निळे ओठ जांभळे झाले. जांभळे होते ते लाल झाले. पोरीनं नाक मुरडलं. शिंकली. आणि मग रडली. अशी रडली, की कोंबड्याला पुन्हा हिंमत आली आणि तो आरवला. कुत्री भुंकली. गुरं हंबरली. देवळात घंटा वाजली.

ठकूच्या ओठांवर हाक होती ती तशीच राहिली. तिनं ती गिळली. कारण मागायचं काही उरलंच नव्हतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. डोळे मिटायला लागलेत तुमचे.

आवडा बरी झाली. पोर मोठी झाली. आजीसारखीच, आधी ओरडायची मग द्यायची. झाकोळीत आता अंधारात कुणी विस्तव मागायला आलं तर "उजाडल्यावर ये" म्हणत नाहीत. आधी दार उघडतात, कोण आहे ते बघतात. पाटील स्वतः उठून दार उघडतो. कुरकुरतो, पण उघडतो. बायका सडा टाकायच्या आधी एकदा मान वर करून डोंगराकडं बघतात. ऊन त्या खिंडीतून वेळेवर येतं. म्हाताऱ्यांना हाका माराव्या लागत नाहीत. सगळी माणसं सुखानं राहिली.

एक सांगायचं राहिलं. मिटा डोळे, मिटल्या डोळ्यांनी ऐका.

त्या सकाळी साऱ्या गावाच्या चुली ठकूच्या भट्टीवरून पेटल्या. पाटलीणबाई गोवरी घेऊन आली, गुरव वात घेऊन आला. ठकू म्हणाली, "उजाडलंय. घ्या." तुम्ही म्हणाल, भट्टी तर विझलेली. गावात निखारा नाही. मग भट्टी पेटली कशावर?

सांगतो. पोर रडली ना, तेव्हा ठकूचे डोळे भरले आणि तिनं मान खाली घातली. खाली उंबऱ्यावर तिचं मापाचं गाडगं होतं. कड फुटलेली, होती तेवढीच. तिनं वरचं तूस बोटानं बाजूला केलं. खाली राख. मध्ये निखारा.

फिटलं.